लेखकाचा नेम आणि ग्रंथाची घडण

लेखनाला नेम असावा, हा विचार मराठीत जुना आहे. दासबोधाच्या 19 व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. टाक, शाई, कागद यांचा तेथे बारकाईने विचार केला असून, ग्रंथातील पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असा समर्थांचा आग्रह आहे. परंतु हा उपदेश मुख्यतः नक्कल करणाऱ्यास आहे. त्याच्यापुढे ग्रंथ सिद्ध असतो. हात सारखा चालला की त्याचे काम झाले. स्वतः ग्रंथ रचणाऱ्याने पहाटे लिहावे की रात्री, रोज लिहावे की सुटीत, याचे उत्तर मात्र प्रायः त्याच्या स्वभावात शोधले जाते. ते लेखनाच्या जातीत शोधावे, असे मला वाटते. मध्येच उठावे लागले तर या लेखनातील कोणता धागा तुटेल? जो धागा तुटण्याजोगा असेल, त्याच्या रक्षणासाठी नेम.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. आनंदाश्रमाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. अशा व्यापात आठवड्याचा अंक हाच त्यांचा नेम झाला. येथे जपावयाचा धागा वाचकाच्या जिव्हाळ्याचा होता. तो आठवड्यापलीकडे ताणून चालत नसे. यमूची हकीकत घरच्या माणसाने येऊन थोडी थोडी सांगावी तशी वाटते, तिचे एक कारण या क्रमात आहे. त्याच क्रमाचे दोषही त्यांच्या लेखनात दिसतात. पाल्हाळ आहे, पुनरुक्ती आहे, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. अंकाची तारीख लेखकाकडून पुढचे प्रकरण लिहवून घेते. संपूर्ण कृतीचा तोल सांभाळणे हे तिचे काम नव्हे.

‘गीतारहस्या’ची गोष्ट अगदी निराळी. टिळकांचा गीतेशी परिचय 1872 मध्ये, वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना ती वाचून दाखविताना झाला. प्रत्यक्ष ग्रंथ मात्र मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात, पाचएक महिन्यांत, पेन्सिलीने लिहून झाला. जवळजवळ चाळीस वर्षे मनात घोळलेला विषय आणि सलग पाच महिन्यांचे लेखन, असे हे प्रमाण आहे. तुरुंगवास कोणी इच्छू नये; परंतु येथे जपावयाचा धागा युक्तिवादाचा होता, आणि तो खंड सोसत नाही. ग्रंथाची 15 प्रकरणे एकमेकांत अशी गुंतली आहेत की मधले एक काढले तर पुढचे लटके पडते. रोज अर्धा तास काढून अशी साखळी जुळविणे कठीण.

तिसरे उदाहरण वडोद्याचे. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेले. राजपुत्रांचे शिक्षण, महाराजांचे वाचन, त्यांच्याबरोबरचे प्रवास, यांत त्यांचा वेळ स्वतःचा नव्हता. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच ‘रियासती’चा उगम झाला, 1898 मध्ये ‘मुसलमानी रियासत’ निघाली आणि 1902 पासून ‘मराठी रियासत’. त्यांना धागा जपावयाचा होता तो असंख्य घटनांचा, व तो स्मरणावर न सोडता त्यांनी टिपणांवर सोपविला. नोंद पक्की असली म्हणजे लेखणी आज खाली ठेवून महिन्याने उचलली तरी चालते. म्हणून ‘रियासत’ कोठूनही उघडून वाचता येते. म्हणूनच ती काही ठिकाणी संकलनाकडे झुकते, हेही मान्य केले पाहिजे.

नेमाने प्रतिभा कोमेजते, हा आक्षेप या तिन्ही उदाहरणांत टिकत नाही. आक्षेप घ्यावयाचाच तर तो दुसऱ्याच्या नेमाचे अनुकरण करण्यावर घ्यावा. कादंबरीकाराची साप्ताहिक घाई प्रबंधकाराने पत्करली तर युक्तिवाद तुटेल. इतिहासकाराची सवड भावकवीने पत्करली तर अनुभव विटून जाईल.

आपल्या अकादमीच्या परिवारात लिहिणारे बहुतेक शिक्षक आहेत. त्यांचा दिवस कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजी यांच्या सहवासात जातो. पुण्याच्या लेखकाची चार महिने लेखणी थांबली तरी बाजारात, कचेरीत त्याच्या कानांवर मराठी पडत असते. आपल्याकडे प्रथम तुटतो तो धागा भाषेचाच. वाक्य मराठी राहते, पण त्याची ठेवण परकी होते, आणि लिहिणाराला ते कळतही नाही. तेव्हा आपला नेम दुहेरी असावा. रोज एखादा परिच्छेद मराठीत लिहावा, मग तो पत्राचा असो, वाचलेल्या पुस्तकावरील टिपणाचा असो, वा वर्गात सांगितलेल्या धड्याचा असो. तो छापण्यासाठी नव्हे, भाषा हाताशी राहावी म्हणून. सलग विचार मागणारा लेख मात्र उन्हाळ्याच्या सुटीसाठी राखावा आणि वर्षभराची टिपणे जवळ घेऊन एका बैठकीच्या क्रमाने पुरा करावा. सवड नाही म्हणून लेखन सुटले, असे म्हणणाऱ्या आपल्यांतील अनेकांचे आधी सुटलेले असते ते हे रोजचे टिपण.