पंक्तीबाहेरचा पाट

मोठ्यांच्या पंक्तीत पोरांचे मन रमत नाही, म्हणून त्यांचे पाट निराळे मांडावेत, तसा प्रकार बीबीसीने ९ फेब्रुवारी २००३ रोजी केला. 'बीबीसी थ्री' ही दूरचित्रवाहिनी त्या दिवशी सुरू झाली, ती १६ ते ३४ वयाच्या प्रेक्षकांसाठी. इंग्लंडात घरोघरच्या परवाना-शुल्कावर ही सार्वजनिक संस्था चालते. शुल्क भरणाऱ्या घरातील तरुणच तिच्याकडे पाठ फिरवू लागले, तर त्या शुल्काचे समर्थन तरी कोणत्या तोंडाने करावे?

हेतू रास्त होता. परंतु वयाच्या मापाने अभिरुची कापून देता येते, हे गृहीतच आम्हांस मान्य नाही. तरुणांना काय रुचेल हे चाळिशी उलटलेल्या अधिकाऱ्यांनी ठरवावयाचे म्हटले, की बहुधा आरडाओरडा आणि आचरटपणा पदरी पडतो. आरंभीच्या काळात गाजलेली 'लिटल ब्रिटन' घ्या. सोंगे वठविण्यात तिचे दोन्ही नट वाकबगार, हे खरे; पण गरीब, लठ्ठ आणि परक्या वर्णाच्या माणसांना हसण्यापलीकडे त्या विनोदाची झेप फारशी जात नव्हती. २०२० साली बीबीसीने आपल्या आंतरजालीय संग्रहातून ती काढून घेतली. २००७ साली आलेली 'गॅव्हिन अँड स्टेसी' मात्र सोज्वळ होती. एसेक्स आणि वेल्स येथील दोन कुटुंबांची ती सोयरीक पुढे थोरल्या 'बीबीसी वन'वर गेली आणि घरातल्या सर्वांची झाली.

तरुण आता आंतरजालावरच पाहतात, असे कारण सांगून फेब्रुवारी २०१६ मध्ये वाहिनी पडद्यावरून उतरविण्यात आली. कारणात तथ्य होते. पण खर्चातील कपात हे त्याहून मोठे कारण होते आणि तेही लपलेले नव्हते. गंमत अशी, की वाहिनीच्या नावावर जमा असलेल्या उत्तम कृतींपैकी कित्येक या वनवासातल्या आहेत. 'फ्लीबॅग' २०१६ ची, 'धिस कंट्री' २०१७ ची, 'नॉर्मल पीपल' २०२० ची.

यांपैकी 'धिस कंट्री' आम्हांस सर्वांत जवळची वाटते. डेझी मे कूपर आणि चार्ली कूपर ही सख्खी भावंडे तिचे लेखक, आणि केरी व कर्टन या चुलतभावंडांच्या प्रमुख भूमिकाही त्यांच्याच. कॉट्सवोल्ड्समधील एक खेडे. पर्यटकांच्या चित्रांत देखणे, राहणाऱ्या पोरांना मात्र कंटाळवाणे. नोकरी नाही, करमणूक नाही. बुजगावण्यांच्या उत्सवातले बक्षीस हाच मानापमानाचा विषय! माडीवरून खेकसणारी केरीची आई कधीच दिसत नाही, केवळ आवाज ऐकू येतो. बापाच्या एका कौतुकाच्या शब्दासाठी केरी झुरते आणि बाप तिला स्वार्थासाठी वापरून घेतो; हे पाहताना हसू ओठांवरच थिजते. हा बाप रंगविणारे पॉल कूपर हे या भावंडांचे खरेखुरे वडील.

या दोघांच्या तोंडी आहे ती त्यांच्या मुलखाची गावरान बोली, आणि तिला कोठेही इस्त्री केलेली नाही. बोलीला नाटकात जागा द्यावयाची ती गड्याच्या नाही तर मोलकरणीच्या तोंडी, ही खोड आपल्याही रंगभूमीला होती. कोंकणी आणि सीमाभागातील मराठी बोलणाऱ्या वाचकांना ती निराळी सांगावयास नको. येथे बोली हसण्याचा विषय नाही. तिच्यातूनच ही माणसे विचार करतात, भांडतात, लाजतात.

असे असता पडद्याची गरज काय होती, असा प्रश्न कोणी करील. शोधीत येणाऱ्यास आंतरजाल पुरते, हे आम्ही मान्य करतो. परंतु 'धिस कंट्री' शोधावी असे त्या खेड्यातल्या पोराला सुचणार कसे? रात्री सहज वाहिन्या बदलताना आपल्यासारखेच कोणी समोर दिसावे, हा योग यादीतून निवड करणाऱ्याच्या वाट्यास क्वचितच येतो. 'फ्लीबॅग'चे दुसरे पर्वही २०१९ साली 'बीबीसी वन'वर दाखविले गेलेच.

१ फेब्रुवारी २०२२ रोजी वाहिनी पुन्हा पडद्यावर आली. पाट परत मांडला गेला खरा. त्यावर कूपर भावंडांसारखे अनोळखी पाहुणे पुन्हा बसविले जातात की ओळखीचेच वाढप चालू राहते, इकडे आमचे लक्ष आहे.