ऋषिपंचमीची कहाणी आणि ऋतुनिवृत्त स्त्री

मुलीला न्हाण आले की आपली भाषा मुखर होत असे. तिला 'पदर आला', ती 'शहाणी झाली', असे म्हटले जाई; तिला मखरात बसविण्याची, तिची ओटी भरण्याची चाल होती व त्या प्रसंगाची गाणीही होती. हाच ऋतुक्रम चाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान थांबतो तेव्हा मात्र 'पाळी गेली' किंवा 'विटाळ गेला' एवढ्यावर बोलणे संपते. 'ऋतुनिवृत्ती', 'रजोनिवृत्ती' हे शब्द ग्रंथांतले. स्वयंपाकघरात ते क्वचितच ऐकू येतात. या मौनाला मराठी लोकवाङ्मयात एक ठळक अपवाद आहे, तो ऋषिपंचमीच्या कहाणीचा. भाद्रपद शुद्ध पंचमीचे हे व्रत रजोदोषाच्या परिहारार्थ सांगितलेले असून पाळी गेल्यानंतर त्याचे उद्यापन करण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. स्त्रीदेहातील या स्थित्यंतराची धर्माने घेतलेली नोंद म्हणून या कहाणीकडे पाहिले पाहिजे.

कथानक सर्वश्रुत आहे. विटाळात शिवाशीव न पाळल्यामुळे ब्राह्मणाची बायको पुढल्या जन्मी कुत्री होते व तिच्या संसर्गाने नवरा बैल होतो. दोघेही आपल्याच मुलाच्या दारी येतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सर्पाचे गरळ पडलेले कुत्री पाहते आणि ब्राह्मणांचे प्राण वाचावेत म्हणून मुद्दाम खिरीच्या भांड्याला शिवते. सून तिला जळत्या कोलिताने मारते. रात्री ती गोठ्यात येऊन बैलाजवळ रडते. मुलगा ते ऐकतो, ऋषींना शरण जातो आणि व्रत करून आईबापांना सोडवितो.

कहाणीचा उपदेश स्पष्ट आहे. परंतु तिच्यातील घटना त्या उपदेशाला साक्ष देत नाहीत, उलट त्याच्याविरुद्ध बोलतात, असे आमचे मत आहे. या कथेत स्त्री दोनदा शिवते. पहिल्या शिवण्याने ती दोषी ठरते; दुसऱ्या शिवण्याने माणसे वाचतात. शिक्षा मात्र दोन्ही वेळा तिलाच होते. ऋषी पहिल्या स्पर्शाचा हिशेब सांगतात, दुसऱ्याविषयी अवाक्षरही काढीत नाहीत. तिचा उद्धार होतो तोही मुलाच्या पुण्याने. तिने स्वतः केलेले पुण्य कोणाच्याच खाती जमा होत नाही. व्रत सांगणाऱ्याच्या हातून ही घटना कथेत कशी राहून गेली, याचे नवल वाटते. कदाचित ती सांगणाऱ्या बायकांनीच जपली असेल.

रात्रीचा संवाद हा तर कहाणीचा गाभाच होय. मोडलेली कंबर, रिकामे पोट, डोळ्याला डोळा न लागणे, आणि हे सारे सांगायला गोठ्यातल्या जोडीदाराखेरीज कोणी नसणे: उतारवयाकडे झुकलेल्या कष्टकरी बाईचे याहून नेमके चित्र जुन्या वाङ्मयात सहसा आढळत नाही. जोडीदारही तिच्यावरच ठपका ठेवतो व मग आपली उपासमार सांगतो. मारणारी सून आहे, हेही अकारण नव्हे. पुष्कळ घरांत सासूची पाळी जाण्याचा आणि सून घरात येण्याचा काळ एकच असतो.

या व्रताने प्रौढ स्त्रीला मान, सख्यांची सोबत व नदीस्नानाचा एक मोकळा दिवस मिळतो. शिवाय विटाळ गेलेल्या बाईला सोवळ्यात बारमाही प्रवेश मिळतो, असे कोणी म्हणेल. ते अगदीच फोल नाही. पण हा मान धुतल्या गेलेल्या दोषाचा आहे, देहाच्या अनुभवाचा नाही. अंगातून एकाएकी उठणारा दाह, रात्रीचा घाम, तुटलेली झोप, उगाच येणारे रडू, हाडांचा ठिसूळपणा यांना व्रतात जागा नाही. वैद्यकाच्या मते सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली. भारतीय स्त्रीत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. त्यापुढील तीसेक वर्षांविषयी कहाणी काही सांगत नाही.

या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. म्हणजे बैलाचे स्मरण दरवर्षी ताटात होते. कुत्रीचे कोठेच होत नाही. बैल आणि बाई यांची ही जोडी आजही ऊसतोडीच्या बैलगाडीमागे दिसते. बीडकडून पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांत नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि कामावर न आलेल्या दिवसाचा 'खाडा' कापला जातो. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. येथे विटाळ 'जात' नाही, तो कापून टाकला जातो. आणि त्यामागे सोवळ्यापेक्षा मजुरीचा धाक अधिक आहे. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर ऋतुनिवृत्तीची लक्षणे ऐन तिशीत एकाएकी अंगावर येतात. या बायका आपसांत त्यांना काय म्हणतात, त्यांच्या ओव्यांत ती कोठे उमटली आहेत काय, हे पाहायला कोल्हापूरच्या अभ्यासकाला फार दूर जावे लागणार नाही. गळिताच्या हंगामात टोळ्यांच्या खोपी कारखान्यांच्या आसपासच पडलेल्या असतात.