कॅमेऱ्यापुढचा चेहरा

कॅमेरा समोर आला की कलावंताच्या अंगात थोडा जादूगार संचारतो. क्लूझोच्या १९५६ सालच्या चित्रपटात पिकासो पाहा. कागदापलीकडून रेषा उमटते, फुलाचा मासा होतो आणि आपण नकळत टाळी देतो!

आल्बेर्तो जाकोमेत्तीपाशी असली टाळी मिळायची नाही. १९६५ साली पॅरिसमधल्या आपल्या चिंचोळ्या चित्रशाळेत तो झाक द्यूपँ या कविमित्राचे चित्र रंगवीत होता, आणि एर्न्स्ट शायडेगर व पेटर म्युंगर ते टिपीत होते. गंमत अशी, की याच द्यूपँने जाकोमेत्तीवर आधी पुस्तक लिहिलेले. ज्याने पारखायचे, तोच आता पारखला जात होता. शिवाय गप्पाही चालूच!

हा चित्रकार काढलेला चेहरा पुसून पुन्हा काढी. आदल्या वर्षी जेम्स लॉर्ड हा अमेरिकन लेखक एका दुपारपुरता म्हणून त्याच्यापुढे बसला, तो अठरा बैठकींनी सुटला. कॅमेऱ्याला हवा असतो शेवट, आणि इथे शेवटच नाही. मला हा चित्रपट आवडतो तो यासाठीच. पिकासोच्या चित्रपटात आपण हात पाहतो; इथे नजर दिसते, वर्षानुवर्षे ओळखीच्या माणसाकडे अनोळख्यासारखी लागलेली. काही जणांना तो कंटाळवाणा वाटेल. वाटो बापडा.

११ जानेवारी १९६६ रोजी जाकोमेत्ती वारला. पडद्यावर द्यूपँ अजून हलायचे नाही म्हणून बसलेलाच आहे.