अलौकिकाची किंमत : ‘ट्वायलाइट’ आणि ‘क्षुधित पाषाण’

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) या किशोरवयीनांसाठीच्या कादंबरीत मन बेताचेच गुंतते, याचे कारण तिची लोकप्रियता नव्हे. ज्याच्यावर प्रेम करायचे तोच रक्तपिपासू, हा तिच्यातील पेच अस्सल आहे. एडवर्डच्या संयमात त्याचा ताण जाणवतोही. परंतु मालिकेच्या चौथ्या भागात (२००८) बेलाला पती, कन्या आणि अमरत्व असे सर्वच लाभते व पेच विरून जातो. कोलकात्याच्या रवींद्रनाथांनी ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) या कथेत ओसाड महालातील छायारूप स्त्रीची ओढ अतृप्तच ठेवली. सहप्रवाशाने सांगितलेली ती कहाणीही गाडी आल्यामुळे अपुरी राहते. अलौकिक प्रेमाची किंमत तेथे वाचकालाही मोजावी लागते. मेयर ती माफ करतात. उणीव नेमकी हीच.