नव्वद टक्के बरोबर, म्हणजे किती बरोबर?

यकृताच्या कर्करोगाचे एमआरआय चित्र व रुग्णाच्या तपासण्यांची माहिती संगणकाला द्यायची आणि त्यावरून गाठीतील ‘मार्कर’, म्हणजे तिचा स्वभाव सांगणारी द्रव्ये, ओळखायची, अशा धर्तीचे शोधनिबंध अलीकडे बरेच वाचनात येतात. ताथवड्यासारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या परिसरातील विद्यार्थ्यांनाही असे प्रकल्प खुणावतात. म्हणून या पद्धतीकडे आपण थोडे चिकित्सकपणे पाहू.

पहिला प्रश्न, अंदाज कशाचा? आल्फा-फीटोप्रोटीन हा मार्कर रक्तात सापडतो. यकृताच्या गाठी असलेल्या उंदरांत तो आबेलेव यांनी १९६३ मध्ये दाखवला. साध्या रक्ततपासणीने जे मोजता येते, त्याचा महागड्या एमआरआयवरून अंदाज बांधणे हा द्राविडी प्राणायाम होय. केआय-६७ ची गोष्ट वेगळी. हे प्रथिन विभाजन पावणाऱ्या पेशींत असते व ते पाहण्यासाठी गाठीचा तुकडा काढावा लागतो. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो; शिवाय सुईने काढलेला तुकडा साऱ्या गाठीची कल्पना देईलच असे नाही. येथे चांगला अंदाज खरोखर उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न, यश मोजले कसे? समजा, १०० रुग्णांपैकी १० जणांत मार्कर आहे. काहीही न पाहता सर्वांना ‘नाही’ म्हणणारा संगणकसुद्धा ९० टक्के बरोबर ठरतो! मात्र ज्यांना शोधायचे होते ते दहाही जण निसटतात. म्हणून मार्कर असलेले किती सापडले आणि खोटे इशारे किती, हे दोन्ही आकडे मागावेत.

तिसरा प्रश्न योगायोगाचा. ६० मुलांच्या वर्गात प्रत्येकाला नाणे पाच वेळा उडवायला सांगा. सरासरीने दोघांना पाचही वेळा छाप मिळेल. त्यात त्यांचे कौशल्य काहीच नाही. एमआरआय चित्रातून शेकडो गुणधर्म मोजता येतात. रुग्ण थोडे असले की त्यांतील काही गुणधर्म निव्वळ योगायोगाने मार्करशी जुळतात. हे ओळखायचे तर दुसऱ्या रुग्णालयातील, दुसऱ्या यंत्रावरील चित्रांवर पडताळा घ्यायला हवा. हेपॅटायटिस-बी, मद्यपान, यकृतात साठणारी चरबी या कारणांचे प्रमाणही प्रदेशागणिक बदलते. तेव्हा परदेशी रुग्णांवरून शिकलेली पद्धत पुण्या-मुंबईच्या रुग्णांवर तपासल्याविना वापरू नये.

ही पद्धत टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. पण अंदाज चुकला तर उपचारही चुकू शकतो. विद्यार्थ्याने ९० टक्क्यांचा आकडा आणून दाखवला, तर त्याला हे तीन प्रश्न अवश्य विचारा.