पुढची जोड कोणाशी?

कुंडलच्या कुस्ती मैदानाला एक साधा हिशेब असतो. गेल्या वर्षी एखाद्या पोरानं निकाली कुस्ती मारली, तर यंदा त्याला जोड वरची मिळते. त्याच गड्याला पुन्हा त्याच पैलवानापुढे उभं केलं, तर माणसं हलगीच्या आवाजातही कुजबुजायला लागतात, 'ही कुस्ती तर बघितलीय की.' मराठी मालिका बघताना मला हे कुजबुजणं फार आठवतं. हिट झालेल्या मालिकेतल्या माणसांना पुढची जोड कोणाशी लावायची, हे आपल्याकडे कुणी नीट ठरवतच नाही.

उदाहरण जवळचंच घेऊ. 'लागिरं झालं जी' 1 मे 2017 ला झी मराठीवर सुरू झाली आणि जून 2019 मध्ये संपली. तेजपाल वाघ याचं लेखन, श्वेता शिंदे यांच्या वज्र प्रॉडक्शनची निर्मिती, साताऱ्याकडची गावं, आणि फौजेत जायचं वेड घेतलेला अज्या. आमच्या घरी संध्याकाळी सातला चुलीवरची भाकरी थोडी करपायची, कारण आजीचं लक्ष टीव्हीकडे असायचं. माझा मामेभाऊ त्या दिवसांत पहाटे उठून सोळाशे मीटर पळायचा. भरतीची तयारी तो मालिकेच्या आधीपासूनच करत होता. पण अज्या पडद्यावर आल्यापासून त्याच्या पळण्याला घरात मान मिळायला लागला. कुठल्याही कलाकृतीनं एवढं केलं तरी मी तिला मोठी म्हणेन.

ती मालिका का चालली, हे आज मोबाईलवर जुने भाग बघताना जास्त कळतं. नितीश चव्हाण आणि शिवानी बावकर तेव्हा जवळजवळ नवखे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधीच्या कुठल्या भूमिकेची सावली नव्हती. त्याहून महत्त्वाची होती आजूबाजूची माणसं. जिजी, पुष्पा मामी, विक्या, राहुल्या, भैय्यासाहेब, या सगळ्यांना स्वतःचं बोलणं होतं, स्वतःचे हट्ट होते. जिजी झालेल्या कमल ठोके शिक्षिकेची नोकरी करून अभिनयाकडे आलेल्या. त्यांची जिजी बघताना कुणी अभिनय करतंय असं वाटायचंच नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या, तेव्हा आमच्या गल्लीत बायका सुतकात असल्यासारख्या बोलत होत्या.

आता पुढचं बघा. मालिका संपल्यावर ही माणसं कुठे गेली, याचा नकाशा काढला की एक गंमत दिसते. ज्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या, त्याचीच वाट सगळ्यांत अवघड झाली. नितीश चव्हाण 2022 मध्ये मकरंद माने यांच्या 'सोयरीक' या सिनेमात दिसला. पण मालिकेचा नायक म्हणून तो परतला जुलै 2024 मध्ये, 'लाखात एक आमचा दादा'मधून. मध्ये पाच वर्षं गेली. उलट, त्याच्या मित्राचं काम करणारा निखिल चव्हाण 2020 मध्येच 'कारभारी लयभारी'चा नायक झाला. आणि ज्याला गावोगावच्या आज्यांनी शिव्या घातल्या तो भैय्यासाहेब, म्हणजे किरण गायकवाड, ऑगस्ट 2020 मध्ये 'देवमाणूस' झाला.

'देवमाणूस'मध्ये त्याला जी जोड मिळाली, ती खरोखर वरची होती. 2016 मध्ये वाई परिसरात उघडकीला आलेल्या खून प्रकरणाची छाया त्या कथेवर होती. गावाचा विश्वास कमावलेला डॉक्टर हाच मारेकरी. किरण गायकवाडनं भैय्यासाहेबचा चढा आवाज तिथे पूर्ण सोडून दिला. खालच्या पट्टीतलं बोलणं, किंचित जास्तच नम्र मान, आणि समोरचा वळला की क्षणभर रिकामे होणारे डोळे. रात्री साडेदहाला आजी दाराची कडी दोनदा बघायची. त्याच्यासमोर रुक्मिणी सुतार यांची सरू आजी म्हणी आणि शिव्यांची सरबत्ती करत उभी होती, म्हणून ते भय सोसवत होतं.

याचं कारण मला असं दिसतं: नायक हा आपल्याकडे प्रेक्षकांच्या मालकीचा होतो. अज्या देशासाठी जाणारा, आजीच्या पाया पडणारा, शीतलीवर जीव टाकणारा. त्याला दुसरं काही होऊ द्यायला आपणच तयार नसतो. खलनायकाला ही मालकी चिकटत नाही, म्हणून त्याला हलायला जागा राहते. बाहेर बघितलं तरी हेच. 'फ्रेंड्स' संपल्यावर 2004 मध्ये तिच्यातल्या सगळ्यांत लाडक्या जोईला स्वतंत्र मालिका दिली, ती दोन वर्षांत आटोपली. 'ब्रेकिंग बॅड'वाल्यांनी मात्र एक लबाड वकील उचलला, कडेला उभा असलेला, आणि 2015 मध्ये त्याच्यावर 'बेटर कॉल सॉल' सुरू केली. ती सहा सीझन चालली.

शिवानी बावकरची वाट वेगळी. ती थांबली नाही. 'अल्टी पल्टी', सोनी मराठीवर 'कुसुम', पुन्हा झीवर 'लवंगी मिरची', मग 2024 मध्ये स्टार प्रवाहवर 'साधी माणसं'. चॅनेल बदलले, नावं बदलली, पण तिला दिलेली मुलगी बरीचशी तीच राहिली: तोंडाळ, कष्टाळू, मनानं सोन्यासारखी. यात दोष तिचा नाही. शीतली अभ्यासात हुशार होती, भांडायची, चुकायची, हट्टानं लग्न करायची. नंतरच्या भूमिकांमध्ये तिला चुकायची मुभा कमी कमी होत गेली, आणि चुकायची मुभा नसेल तर नटी फक्त सोसत राहते.

निर्मात्यांचं बघू. वज्र प्रॉडक्शननं 'लागिरं'नंतर 'मिसेस मुख्यमंत्री', 'देवमाणूस', 'अप्पी आमची कलेक्टर', 'लाखात एक आमचा दादा' अशी ओळ लावली. 2025 मध्ये 'देवमाणूस' तिसऱ्यांदा आला. तेजपाल वाघनं 'कारभारी लयभारी' लिहिली, आणि त्याच्या वाघोबा प्रॉडक्शननं 'मन झालं बाजिंद' आणली, जिच्यात हळदीचा धंदा होता. आमच्या सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे मी ती मालिका फार आशेनं लावली. पडद्यावर हळद भरपूर उधळली गेली. पण हळद शिजवताना होणारी दमछाक, पेवातला साठा, मार्केट यार्डातला सौदा, क्विंटलमागे पडलेला भाव, यातलं थोडं जरी कथेत शिरलं असतं तर राया आणि कृष्णाच्या प्रेमाला जमीन मिळाली असती.

माझी खरी तक्रार इथे आहे. 'लागिरं' चालली आणि त्यातून धंद्यानं चुकीचा धडा घेतला. गाव चालतं, असा तो धडा. मग वाडा, बैलगाडी, फेटा, 'व्हय जी', 'लय भारी' असं एक तयार गाव बनलं, जे कुठल्याही कथेला चिकटवता येतं. 'लाखात एक आमचा दादा' ही झी तमिळवरच्या 'अण्णा'ची मराठी आवृत्ती. रिमेकला माझा विरोध नाही. 'तुझ्यात जीव रंगला' आपल्याकडून कन्नडमध्ये गेलीच होती. नितीश चव्हाण सूर्यादादा म्हणून छानच दिसतो. चार बहिणींचं ओझं त्यानं खांद्यात धरलंय, अज्याची उडी पूर्ण गेलीय. पण कथा तमिळ गावातली आणि चौकट साताऱ्याची, हे कळायला कुणी सांगावं लागत नाही. गाव तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं लटकतं.

भाषेचंच घ्या. साताऱ्यात 'काय करतुयास', कोल्हापुरात 'काय करालाईस'. कोल्हापूरकडे बायका सहज 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आणि ते ऐकून पुण्यातली पोरं हसतात. आमचं कुंडल या दोन्हींच्या मधे कुठेतरी बोलतं. या बारकाव्यांत माणसाचा तालुका कळतो, कधी वयही कळतं. मालिकांमध्ये सगळं पश्चिम महाराष्ट्र एकाच मावशीच्या पोटी जन्मल्यासारखं बोलतं.

इथे कुणी म्हणेल, तुम्हाला बोलायला काय जातं, रोज एक भाग पाडायचा असतो. बरोबर आहे. नटांना घरांचे हप्ते आहेत. रोजच्या मालिकेला नाक मुरडणारा मी नाही. माझ्या आजीचा दिवस त्या अर्ध्या तासानं सुटसुटीत व्हायचा. पण ज्यांनी एकदा खरं करून दाखवलं, त्यांच्याकडे हट्ट धरायचा हक्क आपल्याला आहे. म्हणून दोन जोडी सुचवतो.

पहिली जोड अज्याचीच, आजच्या काळाशी. मालिका संपल्यावर कोविडमध्ये दोन वर्षं लष्कराची भरती थांबली. मग जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना कायम करणार. माझा मामेभाऊ या दोन वर्षांच्या फटीत वयातून बाद झाला. आता तो पलूसला द्राक्षबागांना औषधं पुरवणाऱ्या दुकानात बसतो. पळणं सोडलंय, पण मनगटावरचं ते काळं घड्याळ अजून वापरतो. सातारा-सांगलीत अशी घरं किती असतील, याचा अंदाज भरतीला जाणाऱ्या कुठल्याही एसटीत बसलात तरी येईल. आता कल्पना करा, तेजपाल वाघ पुन्हा लिहायला बसला. अज्याचा धाकटा चुलतभाऊ अग्निवीर म्हणून गेलाय आणि चार वर्षांनी पेटी घेऊन स्टँडवर उतरतो. शीतलीसारखी कुणी त्याची वाट बघतेय. लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप एकच प्रश्न विचारतो: 'कायम हाय का?' या एका वाक्यावर दहा भाग उभे राहतील. जुन्या मालिकेनं फौजेचं स्वप्न विकलं होतं. त्या स्वप्नाचं पुढे काय झालं, हे सांगायची जबाबदारीही थोडी तिच्यावर येते.

दुसरी जोड जड आहे, आणि ती माझ्या गावची आहे. 1943 ते 46 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सातारा जिल्ह्यात इंग्रजांना बाजूला सारून स्वतःचा कारभार चालवला. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, आणि कुंडल औंध संस्थानात. जी. डी. बापू लाड इथले, तुफान सेना इथे घडली, कॅप्टन भाऊ म्हणजे राम लाड इथलेच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून त्यांनी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. आम्ही लुटलं नाही, लोकांचंच परत आणलं, असं भाऊ म्हातारपणीही ठासून सांगायचे. नाना पाटलांच्या लेकीची, हौसाताईंची गोष्ट तर सरळ नाटकाचीच आहे. पोलिस ठाण्यासमोर घरगुती भांडणाचं सोंग रचलं, मार खाल्ला, पोलिस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्याला बरोबर शंभर वर्षं होत असताना या मुलुखातली एक बाई जीव धोक्यात घालून रस्त्यावर भूमिका वठवत होती.

ही भूमिका शिवानी बावकरला द्या. तिच्यातली शीतली तिथे पुन्हा भांडेल, आणि या वेळी भांडण खोटं असेल, धोका खरा. नितीश चव्हाणला पुतळ्यासारखा नेता करू नका. त्याला गाडी अडवायला गेलेला, हात थरथरणारा एक साधा पोरगा करा. आणि किरण गायकवाडला खबऱ्या करा. गावातलाच, सगळ्यांच्या पंगतीत बसणारा. कारण प्रतिसरकारची गोष्ट नुसती आरती म्हणून सांगितली तर ती मरेल. त्या सरकारच्या न्यायनिवाड्यात सावकार होते, दरोडेखोर होते, फितूर होते, आणि शिक्षा कडक होत्या. शिक्षा देणारा आणि घेणारा एकाच विहिरीचं पाणी पीत होते. 1945 मध्ये बापूंचं लग्न कुंडलात गांधी पद्धतीनं झालं, हारतुरे आणि हुंड्याशिवाय, त्याच गल्ल्यांमध्ये हे सगळं घडत होतं. आठ-दहा भागांत, सातशे भागांचा मोह न धरता, हे करता येईल.

घाई का करायची तेही सांगतो. जी. डी. बापू 2011 मध्ये गेले, हौसाताई 2021 मध्ये, कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. त्यांना ऐकलेली माणसं अजून गावात आहेत. त्यांचं बोलणं, त्यांचे शब्द आत्ता टिपले नाहीत, तर पुढे कुणी ही मालिका केलीच तर त्यातले क्रांतिकारकही 'लय भारी'च बोलतील.

आजी आता फोनवर 'लागिरं'चे जुने तुकडे बघते. कुणीतरी कापून टाकलेले, दोन-दोन मिनिटांचे. परवा जिजी पडद्यावर आली तशी तिनं फोन माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, 'ह्यातली माणसं आता काय करत्यात रं?' मी नावं सांगितली, मालिका सांगितल्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'ते टीव्हीवर दिसतंय मला. नवं काय करत्यात ते सांग.'

मामेभाऊ शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. पण अज्या पळायला लागला तसा त्यानंही मान वळवून फोनकडे बघितलं.