सरदार कोण होणार?

कीथ जॉनस्टन हा इंग्रज नाट्यशिक्षक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करत होता, तेव्हा त्याला व्यावसायिक कुस्तीच्या सामन्यांनी झपाटले. कुस्तीचा प्रेक्षक ओरडतो, जागेवरून उठतो, पंचांवर चिडतो. हा प्रेक्षक नाटकाला का मिळू नये, असा त्याचा प्रश्न होता. त्यातूनच पुढे, तो कॅनडातल्या कॅलगरी शहरात असताना, १९७७ मध्ये 'थिएटरस्पोर्ट्स' उभे राहिले. दोन संघ, समोर पंच, प्रेक्षकांनी आयत्या वेळी दिलेला एखादा शब्द, आणि संहिता कुणाच्याच हातात नाही.

कोल्हापुरात कुस्तीचे खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह शेजारी शेजारी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले हे पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याला संगीत रंगभूमीच्या या कोल्हापुरी नटाचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. त्या रात्री तिथे जमलेले अनेक जण रडत होते. नाटकावर इतका जीव असलेल्या आणि कुस्ती अंगात भिनलेल्या गावात उत्स्फूर्त विनोदी नाट्याचा, ज्याला आता सगळे 'इम्प्रोव्ह' म्हणतात त्याचा, हौशी फड कधीच बहरायला हवा होता. तो बहरलेला नाही. आयत्या वेळी बोलण्याचे कौशल्य या मातीत नाही, असे कुणी म्हणेल तर ते साफ चूक ठरेल. उलट ते इथे इतके आहे की त्याकडे कला म्हणून बघायचे आपल्या ध्यानातच आले नाही.

मराठी नाटकाची सुरुवातच पाहा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी कोल्हापूरहून जवळच असलेल्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. सूत्रधार पदे म्हणायचा, आणि त्या पदांच्या आशयावर राम, रावण, सीता आपापले गद्य बोलायचे. ते कुठे लिहिलेले नसे. भाव्यांच्या नाटकांची पदे पुढे छापली गेली. नटांचे बोलणे त्यांच्याबरोबरच गेले. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि पूर्ण लिहिलेल्या 'बुकिश' नाटकाचा काळ सुरू झाला. त्यातून आपल्याला किर्लोस्कर, देवल, गडकरी मिळाले आणि त्याबद्दल कुणी खंत करू नये. पण त्याच वळणावर एक गोष्ट हळूच ठरून गेली: लिहिलेले ते नाटक, न लिहिलेली ती करमणूक.

न लिहिलेले सगळे मग तमाशाच्या कनातीत, दशावताराच्या मांडावर, गोंधळाच्या आणि जागरणाच्या संपादणीत राहिले. सिंधुदुर्गात दशावतारी मंडळींना आजही आख्यान ठरवून दिले की पुरते. संवाद रंगमंचावर सुचतात, आणि आडदशावतारातला संकासुर तर समोरच्या प्रेक्षकांशी बोलत बोलतच आपला प्रवेश वाढवतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या सोंगी भजनात अभंग संपता संपता एखादे सोंग आत घुसते आणि गावातली कालची भांडणे आजच्या भजनात येतात. भेदिक शाहिरीत कलगीवाला कोडे घालतो आणि तुरेवाल्याला ते तिथेच, त्याच चालीवर उलगडावे लागते.

मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते तमाशातल्या बतावणीबद्दल. गण झाला, गवळण झाली, की वग सुरू होण्याआधी सोंगाड्या आणि सरदार समोरासमोर येतात. प्रेक्षकाला सोंगाड्या आठवतो, कारण हशा त्याला मिळतो. पण बतावणी चालवतो सरदार. तो सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्याचे वेडेवाकडे उत्तर खरे धरून पुढचा प्रश्न त्यातूनच काढतो, गाडी भलतीकडे निघाली की एका शब्दात रुळावर आणतो, आणि हशा पिकत असताना गप्प राहतो. हे गप्प राहणे फार अवघड आहे. सोंगाड्याच्या तोंडून काय निघणार हे सरदाराला ठाऊक नसते, तरी जे निघेल ते या प्रवेशाच्या उपयोगाचे करून दाखवायची जबाबदारी त्याची असते. शिकागोतल्या इम्प्रोव्हच्या शाळांमध्ये 'येस, अँड' म्हणून जे तत्त्व शिकवतात, म्हणजे समोरच्याने दिलेले आधी स्वीकारा आणि मग त्यात भर घाला, ते सरदाराने कोणत्याही शाळेत न जाता हातचे केलेले असते.

कवलापूरचे जुळे भाऊ काळू-बाळू याच कौशल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रेक्षकांचे लाडके झाले. 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे हवालदार हसवायचे ते एकमेकांच्या बोलण्याचा धागा न सोडल्यामुळे. 'गाढवाचं लग्न'मध्ये दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार सर्वांना माहीत आहे. पण प्रभा शिवणेकरांची गंगी त्याच्या तोडीस तोड उभी नसती तर तो सावळ्या एकटाच बडबडत राहिला असता.

शहरी, मध्यमवर्गीय रंगभूमीने यातले काही उचललेही. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लिहिलेले लोकनाट्य. १९६५ पासून दादा कोंडके ते करू लागले आणि त्यात त्या दिवसाची बातमी, त्या गावचा पुढारी, पहिल्या रांगेतला प्रेक्षक असे सगळे येऊ लागले. पुस्तकातली 'विच्छा' आणि कोंडक्यांची 'विच्छा' या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. याच नाटकामुळे कोंडके भालजी पेंढारकरांपर्यंत, म्हणजे कोल्हापूरच्या चित्रसृष्टीपर्यंत पोहोचले आणि 'तांबडी माती'त दिसले. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी 'कथा अकलेच्या कांद्याची' लिहिली आणि निळू फुल्यांनी ती रंगवली. हेच शंकर पाटील व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदारांबरोबर गावोगाव कथाकथन करत. छापलेली कथा समोरच्या श्रोत्यांप्रमाणे लांबवायची, थांबवायची, हे त्यांचे कसब होते. म्हणजे लिहिणाऱ्यांनाही न लिहिलेल्याची ताकद कळत होती.

तरी आपण त्याला विद्या मानले नाही, आणि याचे कारण नाटकाच्या बाहेर आहे. तमाशाचे कलावंत मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतून आले. त्यांच्या पिढीजात ज्ञानाला आपण 'अंगची हुशारी' म्हटले, 'हजरजबाबीपणा' म्हटले. गाणाऱ्याच्या घराण्याला घराणे म्हणायचे आणि सोंगाड्याच्या तीन पिढ्यांना नुसते 'फडातले लोक' म्हणायचे, हा अन्याय आजही तसाच आहे. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरितांच्या मुलांसाठी खेळ रचले आणि १९६३ मध्ये 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' हे पुस्तक लिहिले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये 'सेकंड सिटी' सुरू केले. कलेला पुस्तक मिळाले, शाळा मिळाली, प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडे सरदाराचे पुस्तक कुणी लिहिले नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. महाराष्ट्रात नाटक करायचे तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे. अमोल पालेकरांनी या पूर्वपरिनिरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिले, ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. पण उत्स्फूर्त नाट्याची अडचण त्याहून मूलभूत आहे: जे अजून घडलेलेच नाही ते मंजुरीला पाठवायचे कसे? इंग्लंडमध्येही १९६८ पर्यंत लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याची मंजुरी लागत असे, आणि जॉनस्टनच्या मंडळींनी यावर तोड काढली. ते आपल्या प्रयोगांना प्रयोग म्हणतच नसत. आम्ही लोकांसमोर वर्ग घेतो आहोत, असे सांगत. शिकवणे आणि सादर करणे यांची तिथे पडलेली गाठ सोयीपोटी पडली, पण ती कलेला मानवली. इम्प्रोव्हची चांगली मंडळी आजही दोन्ही करतात.

आपल्या हौशी रंगभूमीचा सगळा श्वास मात्र स्पर्धेवर चालतो. राज्य नाट्य स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा यांनी माणसे घडवली, यात वादच नाही. कोल्हापुरात 'प्रत्यय'सारख्या हौशी संस्थेने विंदा करंदीकरांच्या अनुवादातला 'राजा लिअर' उभा केला. ते धाडस या गावाचे भूषण आहे. पण स्पर्धेला संहिता लागते, वेळेची चौकट लागते, प्रकाशयोजनेचा आराखडा लागतो. महाविद्यालयांतल्या तालमीत मुले सुरुवातीला आठवडाभर इम्प्रोव्ह करतात. विषय मिळतो, जोड्या पडतात, त्यातून सुंदर काही सापडते. मग कुणीतरी ते वहीत उतरवून घेते, वाक्ये पक्की होतात, आणि ज्या मोकळेपणातून ती वाक्ये आली तो मोकळेपणा त्या दिवसापासून बंद होतो. इम्प्रोव्ह ही एकांकिकेपर्यंत चढायची पायरी ठरली. तिच्यावर थांबून प्रयोग करावा असे कुणाला वाटत नाही, कारण तिथे करंडक नाही.

दूरचित्रवाणीने विनोदी स्किटला घराघरांत नेले. 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांतल्या कलाकारांचे टायमिंग वाखाणण्यासारखे आहे. ते मात्र लिहिलेल्या, तालमी केलेल्या स्किटचे टायमिंग आहे. मधेच कुणी वाक्य चुकले आणि सगळे हसू आवरत पुढे गेले, की प्रेक्षकाला तोच भाग सगळ्यात आवडतो, तोच पुन्हा पुन्हा पाहिला जातो. प्रेक्षकाला काय हवे आहे हे याहून स्पष्ट कसे कळावे? मुंबई, बंगळुरूकडच्या इम्प्रोव्ह मंडळींनी हे ओळखले. कनीझ सुरका आणि त्यांच्या 'द इम्प्रोव्हायझर्स'ने हा प्रकार इंटरनेटवर देशभर नेला. पण त्यांची भाषा इंग्रजी-हिंदी, आणि खेळही बहुतेक बाहेरून आलेले. तेच खेळ मराठीत जसेच्या तसे आणले की सादरीकरण पाहुण्यासारखे अवघडते. विमानतळावरची रांग किंवा पहिल्या डेटचा प्रवेश कोल्हापूरच्या मुलांना करायला लावण्यापेक्षा दूध संघाच्या सभेतला किंवा गुऱ्हाळावरचा प्रवेश द्यावा. त्यांची जीभ लगेच सुटेल.

जीभ सुटली की खरी परीक्षा सुरू होते. कोल्हापुरी बोलीचा विनोद जिरवण्याचा आहे. समोरच्याने एक म्हटले की त्याला गार करायचे, आणि कट्टा हसला की जिंकलो. सवाल-जवाबाची परंपराही त्याच वृत्तीची. मला ही भाषा मनापासून प्रिय आहे, तिच्यातली रग इतर कुठल्याही मराठीत नाही. पण उत्स्फूर्त प्रवेश जिरवण्याने मरतो. एक मुलगी रंगमंचावर येऊन 'आबा, म्हस व्यायलीया' म्हणाली आणि समोरच्याने 'मी आबा न्हाई, आन् आपल्याकडं म्हस बी न्हाई' असे उत्तर दिले, तर हशा येईल आणि प्रवेश संपेल. त्याने 'आन् डॉक्टर?' एवढे विचारले तर दोघांना एक घर, एक गोठा, एक रात्र मिळते. आणखी एक वाईट खोड सांगायला हवी. सुचेनासे झाले की आपले बहुतेक नट द्वयर्थाकडे किंवा बाईच्या सोंगाकडे वळतात. तमाशातल्या थोर सोंगाड्यांनी द्वयर्थ वापरला तो नेमका, राखून. मागच्या पिढीचा तो मसाला आजची मुले मुख्य अन्न म्हणून वाढतात, आणि रंगमंचावरच्या मुलीला त्या प्रवेशात काही करायलाच उरत नाही.

म्हणून शिकवायचे ते काय, हा प्रश्न मला प्रयोगाहून महत्त्वाचा वाटतो. सोंगाड्या व्हायला सगळेच उतावीळ असतात. हौशी मंडळाने पहिले सहा महिने प्रत्येकाला सरदार करावे. हशा घ्यायचा नाही. प्रश्न विचारायचा, ऐकायचे, ऐकलेल्यातलाच शब्द उचलून पुढचा प्रश्न करायचा. भेदिकाचे शाहीर, सोंगी भजनातले वृद्ध कलावंत, फड सोडून घरी बसलेले तमाशातले सरदार कोल्हापूर-सांगलीच्या गावांत आहेत. त्यांना सत्काराची शाल देऊन परत पाठवू नये. त्यांना शिक्षकाचे मानधन देऊन वर्गात बसवावे, आणि ते एखादी बतावणी कशी वळवतात हे मुलांनी ध्वनिमुद्रित करून वाक्यागणिक तपासावे. कुठे थांबले, कुठे गप्प राहिले, कोणत्या शब्दावर परत आले, ते लिहून काढावे. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र अधिविभागाने हे काम हाती घेतले तर मराठीत सरदाराचे पहिले पाठ्यपुस्तक तिथे तयार होऊ शकेल.

जागेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. या कलेला प्रकाशझोत लागत नाहीत, नेपथ्य लागत नाही. दोन खुर्च्या आणि नटाचा चेहरा दिसेल एवढ्या अंतरावरचे साठ-सत्तर लोक पुरतात. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मोठ्या रंगमंचाबरोबर तालमीसाठी एक साधी खोली असावी, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे हौशी मंडळींना लोकांसमोर वर्ग भरवायला मिळावा, नाममात्र भाड्यात. प्रमाणपत्राचे कुणी विचारलेच, तर जॉनस्टनचे उत्तर तयार आहे: हा प्रयोग नाही, वर्ग चालू आहे.